'वीकन' हे इंग्रजी क्रियापद वाक्यात बसवताना: होणं आणि करणं एकाच शब्दात

पावसाळा तोंडावर आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांच्या पत्रांत आणि नोटिशींत एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटतं. 'द पिलर्स आर बिकेम वीकन.' कुठे 'गॉट वीकन', कुठे 'मेड वीकन'. सोसायटीतल्या सगळ्यांना अर्थ कळतो, त्यामुळे कुणी दुरुस्त करत नाही. पण हेच वाक्य विमा कंपनीला किंवा परदेशात राहणाऱ्या फ्लॅटमालकाला गेलं की लंगडं पडतं, आणि पत्रातल्या गंभीर मजकुराचं वजनही त्याबरोबर कमी होतं.

ही चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही. ती मराठी पक्कं असल्यामुळे होते. आपल्याकडे 'कमकुवत' हे विशेषण आहे. त्याला 'होणं' किंवा 'करणं' जोडल्याशिवाय त्याचं क्रियापद होत नाही: भिंत कमकुवत झाली, गळतीने भिंत कमकुवत केली. म्हणून इंग्रजीत 'वीकन' हातात आला की आपण आपोआप त्यालाही 'बिकम' किंवा 'मेक' जोडायला जातो. 'वीकन'च्या पोटात 'होणं' आधीच आहे आणि 'करणं'ही आधीच आहे. एवढं डोक्यात बसलं की निम्म्याहून जास्त चुका आपोआप थांबतात.

आधी स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंग डब्ल्यू-ई-ए-के-ई-एन. मुळात 'वीक' म्हणजे अशक्त, त्याला शेवटी ई-एन. 'वीक' म्हणजे आठवडा या शब्दाचा उच्चार अगदी तोच, फक्त त्यात डबल ई. लक्षात ठेवायला सोपी खूण: 'अशक्त'मधला 'अ' म्हणजे ए, म्हणून अशक्तवाल्या 'वीक'मध्ये ए हे अक्षर असतं. ही खूण उपयोगी पडते ती विशेषतः 'वीकली' लिहिताना. आठवड्याची मीटिंग डबल ईने लिहायची. ए घातला तर 'अशक्तपणे भरणारी मीटिंग' असा अर्थ होतो, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कॉम्प्युटरचा स्पेलिंग तपासनीस बहुतेक वेळा त्याखाली लाल रेघ ओढत नाही.

उच्चारात 'वी' दीर्घ आणि जोरदार, 'कन' हलका, जवळजवळ गिळलेला. भूतकाळी रूपाला ई-डी लागतो, पण उच्चार 'वीकनेड' नाही, 'वीकन्ड'. शेवटी फक्त 'ड' टेकवायचा. तिथे 'ए' लांबवला तर ऐकणाऱ्याला शनिवार-रविवारचा 'वीकेंड' ऐकू येतो आणि 'द ब्रिज वॉज वीकन्ड' या वाक्याचा त्याला अर्थच लागत नाही. लिहिताना एन एकच राहतो. 'बिगिन'चं 'बिगिनिंग' करताना एन दुप्पट होतो, कारण तिथे जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या दुसऱ्या तुकड्यावर आहे. 'वीकन'मध्ये जोर पहिल्यावर आहे, म्हणून 'वीकन्ड' आणि 'वीकनिंग' दोन्हींत एकच एन.

एकच शब्द, दोन कामं

मराठीत आपण अशा जोड्या वापरून वाढतो: फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, सुटणं-सोडणं. आपोआप झालं की एक रूप, कुणी केलं की दुसरं. इंग्रजीत अनेक क्रियापदं ही दोन्ही कामं एकाच रूपात करतात, आणि 'वीकन' त्यांतलंच.

'द वॉल वीकन्ड.' भिंत कमकुवत झाली.
'द लीकेज वीकन्ड द वॉल.' गळतीने भिंत कमकुवत केली.

क्रियापद दोन्हीकडे जसंच्या तसं आहे. फरक फक्त जागेचा आहे. पुढे कर्म आलं तर 'करणं', पुढे काहीच नाही तर 'होणं'. वाक्य लिहून झाल्यावर शंका वाटली तर एक तपासणी करा: 'वीकन'च्या जागी 'ब्रेक' घालून पाहा. 'द ग्लास ब्रोक' आणि 'ही ब्रोक द ग्लास' ही दोन्ही वाक्यं शाळेपासून कानावर आहेत. 'द ग्लास बिकेम ब्रेक' असं कुणी म्हणत नाही. जिथे 'बिकेम ब्रेक' खटकतं तिथे 'बिकेम वीकन'ही चूकच, 'मेड ब्रेक' खटकतं तिथे 'मेड वीकन'ही.

'बिकम' वापरायचाच असेल तर त्याच्यापुढे विशेषण हवं: 'द वॉल बिकेम वीक'. बरोबर आहे, चांगलं इंग्रजी आहे. 'मेक'चंही तसंच: 'इट मेड द वॉल वीक'. म्हणजे रस्ते दोन आहेत, 'बिकम' किंवा 'मेक' अधिक 'वीक', नाहीतर एकटा 'वीकन'. दोन्ही रस्त्यांवर एकदम चालायला गेलं की पाय अडकतो.

'विल', 'कॅन', 'मे', 'डिड' अशा सहाय्यक क्रियापदांशी गाठ पडली की मूळ रूपच ठेवायचं: 'विल वीकन', 'कॅन वीकन', 'मे वीकन', 'डिड नॉट वीकन'. 'डिड नॉट वीकन्ड' ही चूक फार होते. भूतकाळ 'डिड'ने आधीच घेतलेला असतो, तो पुन्हा लावायचा नाही.

'-ने' आणि 'बाय'

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

'गळतीने भिंत कमकुवत झाली.' मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. '-ने' कारण सांगतो, क्रियापद 'झाली'. इंग्रजीत उतरवताना '-ने'चा 'बाय' होतो आणि कागदावर येतं: 'द वॉल वीकन्ड बाय सीपेज.' इंग्रजी वाचणारा इथे अडतो. त्याच्या दृष्टीने हे पूर्ण वाक्यच नाही. त्याचा अर्थ 'गळतीने कमकुवत झालेली भिंत...' एवढाच होतो, आणि तो पुढच्या क्रियापदाची वाट पाहत राहतो.

कारण 'बाय'ने सांगायचं असेल तर कर्मणी प्रयोग करावा लागतो: 'द वॉल वॉज वीकन्ड बाय सीपेज.' मध्ये 'वॉज' हवाच. 'वॉज' नको असेल तर 'बाय' सोडून '-मुळे'कडे जा: 'द वॉल वीकन्ड बिकॉज ऑफ सीपेज', 'द वॉल हॅज वीकन्ड ड्यू टू सीपेज.' तिसरा मार्ग सर्वांत थेट आणि पत्रात सर्वांत ठसठशीत: कारणालाच कर्ता करा. 'सीपेज हॅज वीकन्ड द वॉल.' आमचं मत विचाराल तर अर्जात, तक्रारीत हाच वापरावा. कोणी काय केलं ते पहिल्या शब्दातच कळतं.

आता गुंता असा, की 'वीकन्ड बाय' हे शब्द 'वॉज'शिवायही बरोबर येऊ शकतात, पण तेव्हा 'बाय' कारण सांगत नसतो. 'द रुपी वीकन्ड बाय २० पैसे' यातला 'बाय' किती ते सांगतो. 'द विंड वीकन्ड बाय ईव्हनिंग' यातला केव्हापर्यंत ते सांगतो. म्हणून 'बाय'पुढे काय आहे ते पाहायची सवय लावा. मोजमाप किंवा वेळ असेल तर 'वॉज' नको. गळती, गंज, आजार, वाळवी असं कारण असेल तर 'वॉज', 'इज' किंवा 'हॅज बीन' हवाच.

काळ निवडताना

मराठीत 'होत चालली आहे', 'झाली आहे', 'झाली' हे फरक आपण न चुकता करतो. तेच इंग्रजीत न्यायचे.

'इज वीकनिंग' म्हणजे प्रक्रिया चालू आहे, अजून थांबलेली नाही. 'हॅज वीकन्ड' म्हणजे झालेली आहे आणि आजची स्थिती तीच आहे. नुसतं 'वीकन्ड' म्हणजे अमुक वेळी झाली. अडचण येते ती वर्ष सांगताना. 'गेल्या वर्षी प्लास्टर केलं आहे' असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत गेलेली ठरावीक वेळ आली की 'हॅज' गळून पडतो: 'द स्लॅब वीकन्ड इन २०१९', 'हॅज वीकन्ड इन २०१९' नाही. 'सिन्स' आला तर मात्र 'हॅज' परत येतो: 'द स्लॅब हॅज वीकन्ड सिन्स २०१९', २०१९ नंतर आजपर्यंत. आणि अजून चालूच असेल तर 'हॅज बीन वीकनिंग सिन्स २०१९'.

दुरुस्तीची घाई सांगायची असेल तर 'इज वीकनिंग' जास्त परिणामकारक. वाचणाऱ्याला कळतं की उशीर केला तर नुकसान वाढणार आहे.

'वीक' कॉलम आणि 'वीकन्ड' कॉलम

नामाआधी लावताना या दोन शब्दांत मोठा फरक आहे, आणि पैशाच्या प्रश्नात तो महत्त्वाचा ठरतो. 'अ वीक कॉलम' म्हणजे कमकुवत कॉलम. कधीपासून ते सांगितलेलं नाही, त्यामुळे मूळ बांधकामच कच्चं होतं असाही अर्थ निघतो. 'अ वीकन्ड कॉलम' म्हणजे आधी मजबूत असलेला, नंतर कशाने तरी कमकुवत झालेला.

विम्याचा दावा करताना किंवा शेजारच्या खोदकामामुळे तडे गेल्याची तक्रार करताना 'वीक कॉलम्स' लिहिलंत, तर समोरचा म्हणू शकतो की कॉलम मुळातच वीक होते, आमचा काय संबंध? 'वीकन्ड' शब्द नंतर काहीतरी घडल्याचं सांगतो. 'वीकनिंग कॉलम' म्हणजे अजून कमकुवत होत असलेला.

पुढे कोणता शब्द लागतो

'अगेन्स्ट', 'टू', 'फ्रॉम', 'बाय', 'इंटू'. यांच्यापलीकडे फारसे लागत नाहीत. पहिले चार रुपयाच्या एकाच बातमीत मिळतात. समजा डॉलर काल ८३ रुपये ८० पैशांना होता आणि आज ८४ ला. 'द रुपी वीकन्ड अगेन्स्ट द डॉलर.' 'इट वीकन्ड फ्रॉम ८३.८० टू ८४.' 'इट वीकन्ड बाय २० पैसे.' इथे आकडा वाढतो आणि रुपया वीकन होतो, हे उलटं वाटतं म्हणून पुष्कळ जण 'रुपी स्ट्रेंग्थन्ड टू ८४' असं लिहून बसतात. एका डॉलरला जास्त रुपये मोजावे लागले म्हणजे रुपया घसरला, एवढं धरून ठेवा.

बाजारात रुपया आपोआप घसरतो तेव्हा 'वीकन्ड' किंवा 'डेप्रिशिएटेड'. सरकार स्वतः त्याची किंमत उतरवतं तेव्हा 'डिव्हॅल्यूड'. ६ जून १९६६ ला डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये केला गेला, आणि जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. या दोन्ही ठिकाणी 'वीकन्ड' लिहिलं तर निर्णय कुणी घेतला ते झाकलं जातं.

'इंटू' लागतो तो एका प्रकारातून खालच्या प्रकारात उतरताना, मुख्यतः वादळांच्या बातम्यांत. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत वाऱ्याचा ताशी वेग ८९ ते ११७ किलोमीटर असेल तर सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म, ६२ ते ८८ असेल तर सायक्लोनिक स्टॉर्म, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन, ३१ ते ४९ ला डिप्रेशन. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागजवळ धडकलं तेव्हा ते सिव्हिअर वर्गात होतं. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटली आणि जोर ओसरत गेला: 'निसर्ग वीकन्ड इंटू अ सायक्लोनिक स्टॉर्म, अँड देन इंटू अ डीप डिप्रेशन.' आकड्यावर उतरायचं असेल तर 'टू', वर्गावर उतरायचं असेल तर 'इंटू'.

माणसाबद्दल लिहिताना सावध

डेंग्यूनंतर आई अशक्त झाली आहे, हे अमेरिकेतल्या भावाला कळवायचं आहे. 'आई इज वीकनिंग' असं लिहिलंत तर तो विमानाचं तिकीट काढेल. आजारी माणसाबद्दल 'इज वीकनिंग' म्हणजे प्रकृती ढासळत चालली आहे, आशा कमी होते आहे. ताप गेला पण थकवा आहे, एवढंच सांगायचं तर: 'आई इज स्टिल वीक, बट शी इज गेटिंग बेटर.' आजाराला कर्ता केलं तरी चालतं: 'द डेंग्यू लेफ्ट हर व्हेरी वीक', 'द फीव्हर हॅज वीकन्ड हर.'

माणूस कर्ता आणि पुढे कर्म नाही, असं वाक्य असेल तर आणखी एक अर्थ डोकावतो. 'आय वीकन्ड' याचा पहिला अर्थ 'मी अशक्त झालो' असा घेतला जात नाही. 'माझा निश्चय ढळला' असा घेतला जातो. 'आय वॉज ऑन अ डाएट, बट आय वीकन्ड अँड एट टू वडापाव्ज.' डाएट चालू होतं, पण मन घसरलं. मूल हट्ट करतं आणि आई शेवटी मोबाइल देते: 'शी वीकन्ड अँड गेव्ह हिम द फोन.' हा वापर फार जिवंत आहे, जरूर करा. फक्त स्वतःची तब्येत सांगताना 'आय वीकन्ड' टाळा, 'आय फेल्ट वीक' किंवा 'आय ग्र्यू वीक' म्हणा.

आणि 'वीकनेस'. मराठीत बोलताना 'दोन दिवस वीकनेस आहे' म्हणजे थकवा, अंगात त्राण नाही. वैद्यकीय इंग्रजीत 'वीकनेस' म्हणजे स्नायूंची ताकद गेली आहे: हात उचलत नाही, पायात जोर नाही. पक्षाघाताचं लक्षण लिहिताना 'वीकनेस इन द लेफ्ट आर्म' हेच शब्द वापरतात. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरला फोनवर सांगताना किंवा मेडिक्लेमचा फॉर्म भरताना थकव्याला 'टायर्डनेस' किंवा 'फटीग' लिहा. उलट, एका बाजूचा हातपाय खरोखर लुळा पडत असेल तर तिथे 'फटीग' लिहून ते सौम्य करू नका. तिथे 'वीकनेस'च लिहा आणि कोणत्या बाजूला तेही लिहा.

मुलगा गणितात कच्चा आहे, याला 'ही इज वीकन इन मॅथ्स' नाही. 'ही इज वीक इन मॅथ्स' आपल्याकडे चालतं, बाहेर 'वीक अॅट मॅथ्स' जास्त ऐकू येतं. गणितात मागे पडत चालला आहे: 'ही इज फॉलिंग बिहाइंड इन मॅथ्स.' इथे 'वीकनिंग' बसत नाही.

कशाला लावायचं, कशाला नाही

मराठीत जोर कमी होण्याला कितीतरी शब्द आहेत: ओसरणं, मंदावणं, खचणं, विरणं, उतरणं, ढळणं, डळमळणं. या सगळ्यांना 'वीकन' चिकटवता येत नाही. तो चांगला बसतो तिथे आधी काहीतरी ताण, भार किंवा पकड पेलणारी ताकद असते: हाडं, स्नायू, हृदय, पाया, पूल, पकड, निश्चय, दावा, पुरावा, युक्तिवाद, सरकार, कायदा, चलन, मागणी, वारा, मान्सून, मोबाइलचा सिग्नल.

बसत नाही ती उदाहरणं जास्त कामाची, कारण चुका तिथेच होतात. मोबाइलची बॅटरी 'वीकन' होत नाही, ती 'रन्स डाउन' किंवा 'ड्रेन्स'. नजर कमी होते तेव्हा 'माय आयसाइट इज गेटिंग वर्स'. स्मरणशक्ती 'फेड्स'. रंग आणि आवाजही 'फेड' होतात. ताप उतरला, 'द फीव्हर हॅज कम डाउन'. दुखणं कमी झालं, 'द पेन हॅज ईज्ड'. पाऊस जरा थांबला, 'द रेन हॅज ईज्ड ऑफ'. 'मान्सून हॅज वीकन्ड' चालतं, कारण ती सगळी वाऱ्यांची व्यवस्था आहे. पण घोडबंदरला आत्ता पडणारी सर 'ईजेस ऑफ'. पाणी घालून पातळ केलेला चहा 'वीक टी' असतो, आणि तो तसा करण्याची क्रिया 'वॉटर डाउन'. हाच 'वॉटर डाउन' नियम किंवा विधेयक सौम्य करण्यालाही वापरतात, तिथे 'वीकन'ही तितकाच बरोबर.

कमी-जास्त सांगताना

'स्लाइटली', 'ग्रॅज्युअली', 'कन्सिडरेबली', 'सिरियसली', 'सिव्हिअरली', 'फर्दर'. हे 'वीकन'शी नेहमी जमणारे शब्द. 'व्हेरी वीकन्ड' टाळा, त्याजागी 'बॅडली वीकन्ड' घ्या. 'व्हेरी' हा 'वीक'चा सोबती: 'व्हेरी वीक'. 'फेटली' आला तर निकाल लागला असं समजा. 'फेटली वीकन्ड' केस म्हणजे जिच्यात आता दम उरलेला नाही.

जागा: एक तर क्रियापदाच्या आधी, नाहीतर कर्माच्या नंतर. 'द डिले हॅज सिरियसली वीकन्ड अवर केस.' 'द डिले हॅज वीकन्ड अवर केस सिरियसली.' क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये मात्र नाही: 'वीकन्ड सिरियसली अवर केस' असं इंग्रजीत होत नाही. मराठीत शब्द पुढेमागे हलवता येतात, इंग्रजीत ही एक फट बंद आहे.

हाच नियम आणखी शब्दांना

शेवटी ई-एन लागून झालेली बरीच क्रियापदं अशीच दुहेरी आहेत: सॉफन, हार्डन, टायटन, लूझन, शॉर्टन, वाइडन, डीपन, डार्कन, थिकन, रायपन, वर्सन. 'द रोड वाइडन्स हिअर' आणि 'दे आर वाइडनिंग द रोड', दोन्ही बरोबर. त्यामुळे 'मेड वाइडन', 'बिकेम टायटन' यांनाही तोच इलाज.

हा ई-एन मनाला येईल तिथे लावता येत नाही. क, ट, प, ड, फ, स अशा आवाजांनी संपणाऱ्या लहान विशेषणांनाच तो लागतो. न, म, ल, र किंवा स्वराने संपणाऱ्यांना नाही, म्हणून 'थिनन', 'स्लिमन', 'कूलन', 'ड्रायन' असे शब्द नाहीत. तिथे 'थिन', 'कूल', 'ड्राय' हेच क्रियापद म्हणून चालतात. 'स्ट्राँग' आणि 'लाँग' नाकातल्या आवाजाने संपतात, त्यांनाही तो थेट लागत नाही. म्हणून 'स्ट्रेंग्थ' आणि 'लेंग्थ' या नामांना लावून 'स्ट्रेंग्थन' आणि 'लेंग्थन' झाले. 'वीकन'चा विरुद्धार्थी शब्द जरा लांबलचक आहे तो याच कारणाने.

एक पत्र, दुरुस्त करून

वाशी-नेरुळ असो की नौपाडा, जुन्या इमारतीच्या पत्रात साधारण असं असतं:

'द पिलर्स इन अवर पार्किंग आर बिकेम वीकन. द स्टील इज वीकन बाय रस्ट सिन्स २०१९. इफ रिपेअर नॉट डन, इट विल मेक वीकन द होल बिल्डिंग.'

पहिल्या वाक्यात तीन क्रियापदं एकावर एक बसली आहेत: 'आर', 'बिकेम', 'वीकन'. किती पिलर तेही नाही. दुसऱ्यात 'सिन्स' आहे पण 'हॅज' नाही, आणि 'बाय' आहे पण 'वीकन'ला ई-डी नाही. तिसऱ्यात 'मेक' फाजील आहे आणि 'इट' कोण ते कळत नाही.

लिहिण्याआधी नेमकं काय घडलं आहे तेही जाणून घ्यायला हवं. लोखंडी सळईला ओल लागली की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो. मग सळईच्या रेषेत उभा तडा जातो, पुढे वरचं काँक्रीट सुटून पडतं, आणि उघड्या पडलेल्या सळईची जाडी घटते. म्हणजे गंजाने स्टील कमकुवत केलं आणि स्टीलमुळे कॉलम कमकुवत झाला. 'करणं' आणि 'होणं' दोन्ही इथे आहेत, म्हणून पत्रातही दोन्ही यायला हवेत:

'थ्री कॉलम्स इन द स्टिल्ट पार्किंग हॅव वीकन्ड. रस्ट हॅज वीकन्ड द स्टील इनसाइड देम, अँड वॉटर फ्रॉम अ लीकिंग ड्रेनेज पाइप इज वीकनिंग इट फर्दर. अनलेस दीज कॉलम्स आर रिपेअर्ड बिफोर द मॉन्सून, द डॅमेज विल वीकन द होल बिल्डिंग.'

याच्या जोडीला स्ट्रक्चरल ऑडिटमधला वर्ग लिहा. महापालिका हद्दीत ३० वर्षं उलटलेल्या इमारतींना हे ऑडिट बंधनकारक आहे. धोकादायक इमारतींचे वर्ग असे: सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करता येणारी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. 'व्हेरी व्हेरी वीक बिल्डिंग' या चार शब्दांपेक्षा 'सी-२ए' जास्त बोलतं.

सरावाला काही वाक्यं

आधी स्वतः करा, मग उत्तर पाहा.

पारसिक बोगद्यात गाडी शिरली की सिग्नल क्षीण होतो. — 'द सिग्नल वीकन्स व्हेन द ट्रेन एंटर्स द पारसिक टनेल.' नेहमी घडतं, म्हणून साधा वर्तमानकाळ. शेवटचा 'एस' विसरू नका.

साक्षीदार फिरला आणि केस खिळखिळी झाली. — 'द केस वॉज बॅडली वीकन्ड व्हेन द विटनेस टर्न्ड होस्टाइल.'

मागणी मंदावली आहे, म्हणून एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीत, कांद्याचा भाव उतरला आहे. — 'डिमांड हॅज वीकन्ड, सो अनियन प्रायसेस हॅव फॉलन अॅट द एपीएमसी.' मागणीला 'वीकन', भावाला रोजच्या बोलण्यात 'फॉल'. बाजारभावाच्या बातम्यांत 'प्रायसेस वीकन्ड' असंही छापलेलं दिसेल.

वाळवीने दाराची चौकट पोखरली आहे. — 'टर्माइट्स हॅव वीकन्ड द डोअर फ्रेम.'

उपासाने आजी थकली, पण तिचा निश्चय ढळला नाही. — 'फास्टिंग हॅड वीकन्ड आजी, बट हर रिझॉल्व्ह डिड नॉट वीकन.' पहिल्या अर्ध्यात 'करणं', दुसऱ्यात 'होणं'. 'हॅड'पुढे ई-डी आहे, 'डिड नॉट'पुढे नाही.